समोरच्या गोठ्यातली हजेरी

आमच्या भिंगरीला शाळेनं शिकायला गोठ्यात पाठवलं, तेव्हाच मी म्हटलं होतं की काहीतरी घोळ आहे. गोठ्यात जायला शाळा कशाला हवी? आमच्या घराच्या मागच्या दाराला लागून गोठा आहे, त्यात तीन गाई आहेत, आणि ही पोर रांगायला लागली तेव्हा पहिल्यांदा शेणातच जाऊन बसली होती. पण नाही. शाळेचा नियम म्हणे असा, की शिकायचं ते दुसऱ्याच्या गोठ्यात. घरच्या गाईची धार काढली तर ते काम, आणि दुसऱ्याच्या गाईची काढली तर ते शिक्षण. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

शाळेच्या मॅडम एकदा घरी येऊन सगळं समजावून गेल्या होत्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भिंगरीचा बाप, मान डोलवत होता. तो मान डोलवतो तेव्हा त्याला काही कळलेलं नसतं. मॅडम म्हणाल्या, "अकरावी-बारावीला पशुपालन शाखा. रोज सकाळी गोठ्यात, मग संध्याकाळपर्यंत वर्गात. हजेरी पुरी झाली आणि गोठ्याच्या साहेबांनी चांगला शेरा दिला, की कॉलेजात जागा पक्की. आणि कॉलेज झालं की जनावरांच्या दवाखान्यात नोकरी."

"म्हणजे आगगाडीसारखे एकाला एक डबे जोडलेत," मी म्हटलं.

"अगदी बरोबर, आत्या," मॅडम म्हणाल्या.

"आणि मधला एखादा डबा सुटला तर?"

मॅडम नुसत्या हसल्या. चहा मात्र पूर्ण प्यायल्या.

भिंगरीचं मन त्या कॉलेजावर किती बसलं होतं ते मला ठाऊक होतं. भांडी घासताना बडबडायची. तिथं गाईच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं, तिथं वासरू अडलं तर हात कसा घालायचा ते शिकवतात. आमची एक कालवड अडून मेली होती तेव्हा ही पोर दोन दिवस जेवली नव्हती. तिला दुसरं काही नको होतं. नवे कपडे नको, मोबाईल नको. कॉलेजातली ती जागा हवी होती.

तर ती समोर जायला लागली. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. पत्र्याची लांबच्या लांब शेड, आत गाईंच्या रांगा, धार काढायला यंत्रं, आणि शेवटाला दूध गार ठेवायची एवढी मोठी स्टीलची टाकी. तिथले सुपरवायझर बारा महिने पांढरे रबरी बूट घालायचे. आम्ही त्यांना पांढरे बूटच म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना सारखा बुटांकडे बघायचा, जणू डाग पडला तर नोकरी जाईल.

त्या साली पाऊस थांबायचं नावच घेईना. अंगणात चिखल, गोठ्यात चिखल, वैरणीला बुरशीचा वास. गाई गुडघाभर राडीत उभ्या. आम्ही रोज राडी ओढून काढायचो आणि रोज ती परत यायची. वहिनी तिच्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. आणि अशात दादा एका सकाळी बादली घेऊन निघाला, पाय सटकला, आणि हातावर पडला. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं.

आता धारा कोण काढणार? मी. दुसरं होतंच कोण? भिंगरी सकाळी समोर, आणि सकाळच्या धारेची वेळ सगळ्या जगात एकच.

माझे अंगठे सुजलेले असतात. ओल्या हवेत तर अंगठ्याच्या मुळाशी कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं. आमच्या घरात सगळेच अंगठा मुडपून धार काढतात. आईनं तसंच शिकवलं, तिला तिच्या सासूनं. आणि आईची आणखी एक शिकवण म्हणजे चारही सडांची पहिली धार मातीला. जमीन चारा देते, तिचं तिला आधी द्यायचं, मग बादली लावायची. आजपर्यंत आमच्या घरात कुणी त्यात चुकलेलं नाही.

दोन गाईंनी मला निभावून नेलं. पण थोरली! ती आमची सगळ्यात जुनी गाय. मी बसले की पाय उचलायची. सडाला हात लावला की शेपटीचा फटका थेट तोंडावर, तोही चिखलानं माखलेल्या शेपटीचा. पान्हाच सोडायची नाही. मी गोड बोलले, शिव्या दिल्या, पेंड पुढं ठेवली. पेंड खाल्ली आणि बादलीला लाथ मारली.

"नाचता येईना नि अंगण वाकडं," दादा दारात उभा राहून म्हणाला.

"ये ना मग! एका हातानं काढून दाखव!"

तो आत गेला. बिचाऱ्याला सदऱ्याची बटणंही मला लावून द्यावी लागत होती. माझ्यासमोर मान वर करून उभा राहायचा, छताकडे बघत. बहिणीनं बटणं लावायची म्हणजे काय, ते त्याच्या लाल झालेल्या कानांवरून दिसायचं.

आणि मग एक दिवस ते झालं. मी थोरलीपाशी बसून दमले होते, उठले, बादली बाजूला ठेवली. रस्त्यापलीकडे भिंगरी कशाला तरी मोठ्यानं हसली. थोरलीनं कान टवकारले, मान वळवली, आणि तिच्या सडांतून आपोआप दूध ठिबकायला लागलं. टप टप, खाली चिखलात. मी बादली सरकवेपर्यंत थांबलंही.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाचंही आलं. मी म्हटलं, "दादा, अरे ही पोरीसाठी झुरतेय."

दादानंही पुढचे काही दिवस ते बघितलं. पोरीचा आवाज आला की थोरली ठिबकायची. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. त्याच्या डोक्यात कल्पना येते तेव्हा मी देवाचं नाव घेते. तो समोर गेला आणि पांढऱ्या बुटांना म्हणाला, "तुमच्या शेडीत शेवटची जागा रिकामी आहे. माझा हात बरा होईपर्यंत आमची थोरली तिथं बांधा. वैरण तुमची, दूध तुमचं. फक्त धार पोरीनं काढायची."

पांढरे बूट गोंधळले. बुटांकडे बघितलं, मग शाळेत फोन लावला. मॅडमही गोंधळल्या. शेवटी म्हणाल्या म्हणे, "घरच्या गोठ्यात चालत नाही एवढं नियमात आहे. घरच्या गाईबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही." मग ठरलं. दादानं डाव्या हातानं दावं धरलं आणि थोरली रस्ता ओलांडून शिकायला गेली.

मी म्हटलं, "म्हणजे इथं काढली असती तर काम होतं. पन्नास पावलं चालत गेली की तीच गाय शिक्षण झाली?"

"तुला काही कळत नाही," दादा म्हणाला.

"तुला कळतं का?"

"मलाही नाही कळत. पण सगळ्यांचं भागतंय ना!"

आणि खरंच भागत होतं. थोरली तिथं भिंगरीला धार देत होती. माझ्या अंगठ्यांना जरा उसंत मिळाली. भिंगरी घरी येऊन सांगायची, "आत्या, तिथं धारेआधी काळ्या कपात दूध बघतात. कपात गाठी, कण दिसले की कासेला दगडी झालीय, म्हणजे कास आतून सुजलीय, समजायचं. ते दूध टाकीत जाऊ द्यायचं नाही. एका गाईचं खराब दूध सगळी टाकी नासवतं."

"आणि थोरलीचं बघतेस का?"

"ती तर आपलीच आहे," भिंगरी म्हणाली आणि हसली. "साहेब म्हणाले, ओळखीची गाय, हिला काय बघायचं."

मलाही ते पटलं. आपल्या गाईला काय झालंय? ती घरी होती तेव्हा फडक्यातून तिचं थोडंफार दूध गाळताना कधी एखादा कण दिसायचा, तर मी चिखल म्हणून झटकून टाकायचे. असल्या पावसात चिखल कुठं नसतो?

मग परीक्षेचा दिवस आला. कॉलेजातून एक बाई येणार होत्या, मुलं गोठ्यात काय शिकली ते बघायला. त्यांचा शेरा आणि पांढऱ्या बुटांचा शेरा, दोन्ही जमले की जागा पक्की. पालकांनीही यावं असा निरोप होता. मी दादाला धुतलेला सदरा घातला, एक बाही प्लास्टरवर बसेना तर तिची शिवण उसवली. दोघं रस्ता ओलांडून गेलो. पांढऱ्या बुटांनी बूट घासून घासून इतके पांढरे केले होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

कॉलेजच्या बाई बारीक चणीच्या, केस कापलेले, पायात साधे काळे बूट. मॅडम त्यांच्यामागे. भिंगरीनं रांगेतल्या गाई दाखवल्या, यंत्र कसं धुवायचं ते दाखवलं, टाकीतलं दूध किती गार ठेवायचं ते सांगितलं. एकदाही अडखळली नाही. दादा मान डोलवत होता, आणि या वेळी त्याला कळत होतं.

बाई म्हणाल्या, "छान. आता हातानं धार काढून दाखव. यंत्र काय, कुणीही लावेल." आणि इकडे तिकडे बघून त्यांनी शेवटच्या गाईकडे बोट केलं. "ती घे."

ती थोरली.

मी मनात म्हटलं, वा! याहून बरं काय? आपल्याच गाईवर परीक्षा! भिंगरीनं मला डोळा घातला. कास धुतली, पुसली, बसली. आणि चारही सडांची पहिली धार खाली सोडली. मातीला. तिच्या नकळत. हात घरचे होते, गाय घरची होती.

"थांब," कॉलेजच्या बाई म्हणाल्या. "हे काय केलंस?"

भिंगरीचा हात तिथंच राहिला. तिच्या मानेवर लाली चढत गेलेली मला मागून दिसली.

"पहिलं दूधच तर बघायचं असतं. ते तू जमिनीवर टाकलंस. कप कुठाय?"

तिनं कप आणला. पुढच्या सडांचं दूध कपात पडलं, स्वच्छ होतं. मग मागच्या उजव्या सडाचं. काळ्या कपात पांढरे बारीक कण तरंगत होते. दादाला दिसले, मलाही दिसले.

पांढरे बूट पटकन म्हणाले, "धूळ असेल. शेडीत फार धूळ असते."

असल्या पावसात धूळ! मॅडम भिंगरीकडे बघत होत्या, डोळ्यांनी सांगत होत्या की हो म्हण, पोरी, हो म्हण. मीही तेच सांगत होते, खोटं कशाला बोलू? एक शब्द म्हणायचा, धूळ. कॉलेजची जागा त्या एका शब्दाच्या पलीकडे होती.

भिंगरीनं सडाच्या वर कास दाबून बघितली. थोरलीनं पाय उचलला. माझ्याजवळ उचलायची अगदी तसाच.

"धूळ नाही," भिंगरी म्हणाली. "इथं गरम आहे, घट्ट लागतंय. दगडी आहे. हिचं दूध टाकीत घालू नका." मग तिनं कप खाली ठेवला. "सकाळचंही घालायला नको होतं. मी घातलं."

"हिला आत घेताना तपासली नव्हती?" बाईंनी पांढऱ्या बुटांना विचारलं. ते बुटांकडे बघत राहिले. "गाय कुणाची आहे?"

आता तरी गप्प बस, मी मनात म्हटलं. हात दाखवून अवलक्षण कशाला?

"आमची," भिंगरी म्हणाली.

मग काय काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलायला लागले. मॅडम म्हणत होत्या नियमात गाईचं काही नाही. कॉलेजच्या बाई म्हणत होत्या, घरच्या जनावरावर केलेलं काम धरता येणार नाही, त्या दिवसांची हजेरी रद्द. पांढरे बूट म्हणत होते त्यांनी उपकार म्हणून जागा दिली. आणि दादा, माझा भाऊ, प्लास्टरचा हात पोटाशी धरून सारखं एकच म्हणत होता, "अहो, गाय चांगली आहे. आमची गाय चांगली आहे हो."

दुपारी त्यांनी टाकी ओतून दिली. शेडीमागच्या गटारातून दूध वाहत रस्त्याकडेला आलं, पावसाच्या पाण्यात मिसळलं, आणि आमच्या फाटकासमोरून पांढरं पांढरं वाहत गेलं. येणारे जाणारे थांबून बघत होते, आणि मग आमच्या घराकडे बघत होते. दादानं खिडकी लावून घेतली.

त्याच्या आधी त्यानं थोरलीला परत आणलं होतं. मी दावं धरते म्हटलं तर देईना. भिंगरी धरते म्हणाली तर तिच्याकडे बघितलंच नाही. डाव्या हातानं ओढत निघाला, रस्त्याच्या मधोमध पाय सटकला, आणि गुडघ्यावर बसला चिखलात, धुतलेल्या सदऱ्यासकट. थोरली त्याच्याजवळ थांबली. ओढत नव्हती, हलत नव्हती. मी जाऊन त्याला काखेत धरून उठवलं.

"पोरीनं आपल्या गाईचं नाव घेतलं," तो म्हणाला.

"मग काय शेजाऱ्याच्या गाईचं घ्यायचं होतं?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं, पोरीचा राग करावा की तिला जवळ घ्यावं. दोन्ही करावंसं वाटत होतं, आणि मी दोन्ही केलं. आधी ओरडले, मग जेवायला वाढलं.

ती जेवलीच नाही. "माझ्या हातांनी कसं केलं गं तसं, आत्या?" म्हणून ताटासमोर बसून राहिली. "तिथल्या सगळ्या गाईंना मी रोज कप लावते. हिच्यापाशी बसले की मी घरी असते."

जनावरांचे डॉक्टर आले, सडात औषध सोडलं, आणि सांगून गेले की दिवसातून सारखी सारखी कास रिकामी करा, दूध खड्ड्यात टाका, वर चुना. भिंगरीला समोर जायचं नव्हतंच. पांढऱ्या बुटांनी निरोप पाठवला होता, उद्यापासून नको. तर ती घरीच थोरलीपाशी बसायची. हजेरी नाही, शेरा नाही. नुसतं काम.

तिनंच मला बसवलं. "आत्या, अंगठा आत मुडपू नकोस. तिला चिमटा बसतो. सगळी मूठ लाव. वरून एकेक बोट मिटत ये."

"या वयात मला शिकवतेस?"

"हो. बस."

बसले. मूठ लावली. अंगठ्याला काही करायचंच नव्हतं, त्यामुळे तो दुखेनाही. थोरलीनं शेपटी हलवली, पाय मात्र उचलला नाही. दूध येत राहिलं. मी काढत राहिले. मी समजत होते ही माझ्यावर रुसलीय.

"मग तुझ्या आवाजानं ठिबकायची ते?" मी विचारलं.

"मी कॉलेजच्या बाईंना विचारलं जाताना. म्हणाल्या, दुखऱ्या सडातून दूध असंही गळतं."

"म्हणजे माया नव्हती?"

"तसंही नाही म्हणाल्या. म्हणाल्या, ओळखीच्या आवाजानं गाय पान्हा सोडतेच."

"अगं, मग नक्की काय?"

"मला नाही माहीत, आत्या," भिंगरी म्हणाली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. "कॉलेजात शिकवत असतील."

मग एका संध्याकाळी पांढरे बूट आमच्या फाटकाशी उभे. बुटांवर शेण होतं. पुसलंही नव्हतं. मी म्हटलं, आला आता भांडायला, आणि पदर खोचला.

"भिंगरी आहे का?" त्यांनी विचारलं. "आमच्या रांगेतही दगडी निघालीय. पार त्या टोकाच्या, यंत्रावरच्या गाईंना. तुमच्या गाईच्या आसपासही नव्हत्या त्या. आधीपासूनची दिसते. कप लावतो म्हणणारे सगळे नुसते लावल्यासारखं करत होते." ते थांबले. "उद्यापासून येऊ दे तिला. कप तिनंच धरायचा. पण गाय आणू नका."

माफी होती की हुकूम होता, मला काही कळलं नाही. दादा आतून बाहेर आला. दोघं पुरुष एकमेकांच्या पायांकडे बघत उभे राहिले, एकाच्या पायात शेणाचे बूट, दुसऱ्याचे अनवाणी. मग दादा म्हणाला, "चहा घ्या." आणि त्यांनी घेतला.

जागेचं म्हणाल तर मॅडमचा फोन आला होता. रद्द झालेली हजेरी पावसाळा संपायच्या आत भरून काढली, तर कॉलेज जागा राखून ठेवतंय. भरून निघेल का, विचारलं तर म्हणाल्या, निघायला हवी. राखून ठेवलीय म्हणजे नक्की तिचीच का, विचारलं तर म्हणाल्या, तशीच समजा. आता यात काय समजायचं ते तुम्हीच मला सांगा.

दुसऱ्या सकाळी भिंगरी समोर गेली. मी थोरलीपाशी बसले. औषध संपलं होतं, डॉक्टरांनी दूध चालेल म्हणून सांगितलं होतं, तरी दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. दादा येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला. डाव्या हातात काळा कप. तो त्यानं कुठून आणला ते मी विचारलं नाही. त्यानं तो सडाखाली धरला.

चारही सडांची पहिली धार मी कपात सोडली. दादानं कप उजेडाकडे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मीही वाकून बघितलं. काळ्यावर पांढरं दूध, दुसरं काही नाही. रस्त्यापलीकडून भिंगरीचा आवाज आला, कुठल्या तरी गाईला दटावत होती. थोरलीनं कान टवकारले.

दादा कप धरून तसाच बसून राहिला. मग लहान पोरानं विचारावं तसं मला म्हणाला, "आता हे कुठं टाकू?"

"बघितलंस ना नीट?"

"बघितलं."

"मग दे मातीला," मी म्हटलं.

त्यानं वाकून हळूच ओतलं, आणि मी बादली पुढं ओढली.